धाकट्याच्या स्लाइड्स

बाईंना माणसांचा तिटकारा होता, आणि त्याला कारण होतं. एकोणतीस वर्षं त्यांनी माणसांचे चेहरे रंगवले होते.

स्टुडिओ बाजारपेठेतल्या एका दुमजली इमारतीत होता. खाली मालक गिऱ्हाइकांना स्टुलावर बसवून, हनुवटी वर, मान थोडी डावीकडे, असं करत फोटो काढायचे. वरच्या खोलीत, उत्तरेकडच्या खिडकीपाशी, बाई त्या कृष्णधवल फोटोंवर रंग चढवायच्या. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळायचा, रंगाला जेमतेम टेकवायचा, गालावर गोल गोल फिरवायचा आणि दुसऱ्या कोरड्या कापसाने कडा विरघळवायच्या. ओठ, डोळे आणि गळ्यातल्या साखळीसाठी तीन केसांचा ब्रश. काम हातात इतकं मुरलेलं की मन मोकळं राहायचं, आणि मोकळ्या मनाने बाई त्या चेहऱ्यांना नावं ठेवायच्या.

कारण यच्चयावत सगळ्यांना गुलाबी व्हायचं होतं. पाव विकणाऱ्या आडदांड माणसाला नवरीसारखे गाल हवे असायचे आणि नवरीला बाहुलीसारखे. एक विधवा नवऱ्याचा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घेऊन आली आणि म्हणाली, जरा तरतरीत दिसू देत. मालक जिन्यातून ओरडायचे की गुलाबी सढळ हाताने लावा, लोक त्यासाठीच येतात. बाई लावायच्या. घरी येऊन सांगायच्या, आज एका मेलेल्या माणसाला इतका गुलाबी केला की तो उठून बसला तर लाजेने पुन्हा मरेल.

पेठेत सगळे त्यांना रंगवाल्या बाई म्हणायचे. लग्न त्यांनी केलं नाही. वडील आधीच गेलेले. आई गेली तेव्हा घरात एक बारा वर्षांनी लहान भाऊ उरला होता. त्याला त्यांनी वाढवला, शिकवला, पाणीपुरवठा खात्यात चिकटवला आणि त्याचं लग्नही लावून दिलं. त्याला त्या धाकटा म्हणायच्या. तो पन्नाशीला आला तरी धाकटाच राहिला. धाकटा, भावजय, त्यांची एकुलती मुलगी आणि बाई, अशी चौघं तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायची.

खात्यात धाकट्याचं काम म्हणजे नळाला पाणी येत नाही अशा तक्रारी रजिस्टरात उतरवणं. पाणी आणणं हे दुसऱ्या कोणाचं तरी काम होतं. बाईंच्या मते भावाच्या स्वभावाला ही नोकरी फिट्ट बसली होती.

अशा या माणसाने एक दिवस कचेरीतल्या कोणाचा तरी जुना कॅमेरा घेतला आणि त्यात रंगीत रोल घातला. त्या काळात रंगीत रोल ही चैन होती. लोक तो लग्नात नाहीतर सहलीत वापरायचे, आणि एका रोलमध्ये अख्खं खानदान बसवायचे. धाकटा मात्र जेवणाच्या सुट्टीत कोटाखाली कॅमेरा लपवून रस्त्यावर हिंडायला लागला. रोल पोस्टाने दूरच्या लॅबमध्ये जायचा आणि तीन आठवड्यांनी पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेल्या छोट्या स्लाइड्स होऊन परत यायचा.

पहिल्या खेपेला त्याने रविवारी दुपारी खिडकीला घोंगडी लावून खोलीत अंधार केला, भिंतीवर चादर ताणली आणि भाड्याचा प्रोजेक्टर लावला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. चादरीवर पहिलं चित्र उमटलं. ओला रस्ता, पत्र्याचं एक छप्पर, आणि छपराखालून डोकावणारी लाल हातगाडीची अर्धी बाजू. गाडीवाला नव्हताच. कोपऱ्यात कोणाचा तरी एक बूट होता.

पोस्टमास्तरांनी सभ्यपणे विचारलं की यात कोण आहे. धाकटा म्हणाला, कोणी नाही.

"मग फोटो कशाचा?"

"त्या लाल रंगाचा," धाकटा म्हणाला.

भावजय चहा टाकायला उठून गेली. बाई म्हणाल्या, "मग रंगाचा डबाच आणून ठेवायचास की समोर. वीज तरी वाचली असती."

पुढची चित्रंही तशीच. स्वतःच्याच खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेला न्हावी आणि त्याच्या खांद्यावरचा हिरवा टॉवेल. बसच्या धुकट काचेआड लिंबासारखा पिवळा रेनकोट घातलेली कोणी बाई, तीही पाठमोरी. भिंतीवर फाटत गेलेल्या पाच थरांच्या जाहिराती. बाईंना वाटलं, ज्या शहराकडे माणूस नाइलाज म्हणून बघतो ते या शहाण्याने मुद्दाम घरी आणलंय. शिवाय यात कसब कुठे होतं? त्यांना एक गाल जमायला चार वर्षं लागली होती. इथे बटण दाबलं की रंग आपोआप. आणि तेही धड नाहीत. लाल बोंबलतोय, आणि सावल्या तर चक्क निळ्या.

तेवढं त्या बोलून दाखवल्याशिवाय राहिल्या नाहीत.

"सावल्या निळ्याच असतात, ताई," धाकटा म्हणाला. "बघ कधीतरी."

इतकी वर्षं रंगांत घालवलेल्या बाईला पाण्याच्या तक्रारी लिहिणारा माणूस हे सांगत होता. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मात्र त्या बँकेच्या पांढऱ्या भिंतीपाशी थांबल्या. खांबाची सावली भिंतीवर पडली होती. ती निळी होती. त्यांनी पुढच्या खांबाची पाहिली. तीही निळीच. त्या दिवशी त्यांनी दोन गिऱ्हाइकांच्या हनुवटीखाली अगदी पुसट निळा लावला आणि मालकांची बोलणी खाल्ली.

धाकट्याला हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. पण तेव्हापासून त्या रस्ता बघत चालायला लागल्या, केवळ त्याच्या चुका पकडता याव्यात म्हणून. कुठल्या दुकानाचं छप्पर कसलं, कुठल्या दारावर रंगाचा नवा हात मारलाय, सगळं त्यांच्या डोक्यात बसायला लागलं. मग रविवारी अंधार झाला की त्या सुरू व्हायच्या. ती छत्री गवती हिरवी होती, तुझ्या रोलने तिला बाटलीसारखी केलीय. ही भिंत मातकट आहे, पिवळी नाही. धाकटा हसत हसत पुढची स्लाइड लावायचा. पोस्टमास्तर दोन रविवारांनंतर यायचे बंद झाले. भावजय आणि मुलगी आतल्या खोलीत झोपायच्या. चादरीसमोर दोघंच उरायची, एक दाखवणारा आणि एक नाक मुरडणारी. असं सोळा वर्षं चाललं.

मधे एकदा धाकट्याने भीत भीत आपल्या वीस स्लाइड्स गावातल्या छायाचित्रकारांच्या मंडळात नेल्या. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. तिथले सभासद फक्त कृष्णधवल फोटो काढत, आणि बहुतेक म्हाताऱ्यांच्या सुरकुत्यांचे. म्हातारा जितका गरीब तितका फोटो थोर. अध्यक्षांनी धाकट्याच्या स्लाइड्स पाहून सांगितलं की रंग ही निव्वळ सजावट असते, हे बिस्किटांच्या डब्यावर शोभेल. धाकटा पडलेल्या चेहऱ्याने घरी आला.

"तो दातवाला?" बाईंनी विचारलं. "त्याचा फोटो माझ्याकडे दोनदा परत आला होता. गाल अजून गुलाबी करा म्हणून."

धाकटा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. त्याच्या बाजूने बाई उभ्या आयुष्यात एवढंच बोलल्या असतील.

पुढे रंगीत रोल स्वस्त झाले आणि स्टुडिओतही आले. एका सोमवारी मालकांनी बाईंना खाली बोलावून सांगितलं की आता वरच्या खोलीची गरज उरली नाही. आठवण म्हणून त्यांनी बाईंचा रंगीत फोटो काढायचा घाट घातला, आणि बाईही बसल्या. प्रिंट आली तेव्हा त्यांनी ती उजेडात धरली. चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा दिसत होता. हा तुम्हीच ठेवा, असं म्हणून त्यांनी आपली रंगांची पेटी उचलली आणि जिना उतरल्या.

धाकटा एकसष्टाव्या वर्षी गेला. निवृत्त झाल्यावरही त्याची दुपारची सवय सुटली नव्हती. जुन्या कचेरीच्या पायरीवर बसला आणि तिथेच कलंडला. घरी आणलं तेव्हा गळ्यात कॅमेरा होता आणि रोलमधले अकरा फोटो शिल्लक होते. स्लाइड्सचे पत्र्याचे अकरा डबे कपाटावर चढवले गेले. प्रोजेक्टरचा दिवा गेला होता, तो कोणी बदलला नाही. काही वर्षांनी भावजयही गेली. भाची कॉलेजात शिकवायला लागली, आणि त्या दोन खोल्यांत ती आणि तिची आत्या अशा दोघी राहिल्या. डब्यांकडे बारा वर्षं कोणी पाहिलं नाही. छताजवळ उन्हाळ्यात भट्टीसारखं तापायचं, हेही कोणाच्या ध्यानात आलं नाही.

भाचीनेच कॉलेजात कोणाजवळ तरी विषय काढला असावा. एका दुपारी एक दाढीवाला घरी आला. तो प्रदर्शनं भरवायचा. डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे. बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि भाचीला आत बोलावून म्हणाल्या की रंगीत चित्रं बघायला आलाय आणि अंगावर रंगाचा ठिपका नाही.

दाढीवाल्याने बरोबर उजेडाची एक पेटी आणली होती. तिच्यावर त्याने चिमट्याने स्लाइड्स मांडल्या. बाई चष्मा चढवून वाकल्या, आणि क्षणभर त्यांना वाटलं की आपलेच डोळे गेले. सगळं गुलाबी होतं. न्हावी गुलाबी, रस्ता गुलाबी, आकाश गुलाबी. हिरवा आणि निळा कोणी पुसून न्यावेत तसे गेले होते.

"काय विषाद आहे या गुलाबीत," दाढीवाला पुटपुटला.

"विषाद कसला? रंग उडालाय," बाई म्हणाल्या.

तो हसला. लहान मुलांकडे आणि म्हाताऱ्या माणसांकडे बघून लोक हसतात तसा. बाईंना वाटलं याला कळत नाही. पण त्याला सगळं कळत होतं. कुठल्या रोलचा कुठला थर आधी विरतो, उष्णतेने काय होतं, सगळं त्याने सांगितलं, आणि वर म्हणाला, "आजी, ही चित्रं तुमच्या भावाने सुरू केली आणि काळाने पूर्ण केली." मूर्खांची बाईंना सवय होती. कळूनसवरून असं बोलणारा मूर्ख त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. मी तुमची आजी नाही, एवढं सांगून त्या आत गेल्या. भाचीने तीन महिन्यांच्या बोलीवर डबे दिले.

प्रदर्शनाचं नाव ठेवलं होतं "गुलाबी एकांत". उद्घाटनाला भाचीने आग्रहाने नेलं. मोठ्या पांढऱ्या दालनात धाकट्याची चित्रं माणसाएवढी करून टांगली होती. दारापाशी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की या अज्ञात कारकुनाने आपल्या शहराकडे आयुष्यभर एका हरवलेल्या प्रेमाच्या गुलाबी पडद्याआडून पाहिलं. बाईंनी ते दोनदा वाचलं. धाकट्याचं प्रेम एकदाच झालं होतं, त्याचं लग्न झालं होतं, आणि त्यानंतर मोजे कुठे ठेवायचे यावरून तीस वर्षं भांडण झालं होतं. हरवलेलं काही असेल तर ते मोजे.

लोक माना कलत्या करून चित्रांसमोर उभे होते. कोणी घाईने पुढे सरकलं तर आपण अडाणी ठरू, अशा धास्तीने प्रत्येक जण एकेका चित्रापुढे ठरावीक वेळ थांबत होता. न्हाव्याच्या चित्रासमोर एक मध्यमवयीन स्त्री रुमालाने डोळे टिपत होती. बाई तिच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"तो टॉवेल हिरवा होता," त्या म्हणाल्या.

"कुठला टॉवेल?" तिने विचारलं.

बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती बाजूला सरकली. मग त्या दाढीवाल्याला शोधायला निघाल्या. तो एका घोळक्यात होता. त्याला बाजूला घेऊन त्यांनी शांतपणे सांगितलं की प्रत्येक चित्राखाली एक ओळ लिहा, हे मूळ रंग नव्हेत, मूळ रंग नष्ट झाले आहेत. तो म्हणाला, नक्की लिहू. आठवड्याने भाची बघून आली. दालनाच्या कोपऱ्यात, गुडघ्याच्या उंचीवर, एक चिठ्ठी लागली होती: रंगांचं हे नष्ट होणं हाच या चित्रांचा विषय आहे.

वर्तमानपत्रात आलं. गुलाबीचा कवी, असा मथळा होता. दातांच्या डॉक्टरांच्या मंडळाने, ज्याचे अध्यक्ष आता त्यांचेच चिरंजीव होते, धाकट्याला आमचे जुने सहप्रवासी म्हणून आदरांजली वाहिली. बाईंनी तो अंक वाचून झाल्यावर घडी घालून खिडकीच्या हलत्या चौकटीत कोंबला.

तीन महिने पुरे झाले त्या दिवशी सकाळी दहाला त्या टॅक्सी करून एकट्या दालनात हजर झाल्या आणि अकरा डबे मागितले. दाढीवाल्याने समजावलं की आमच्याकडे थंड खोली आहे, स्लाइड्स तिथे सुरक्षित राहतील.

"उडायचं ते उडालंय," बाई म्हणाल्या. "आता थंडी कशाला? डबे आणा."

तीन जिने चढून टॅक्सीवाल्याने डबे वर आणले. संध्याकाळी भाची कॉलेजातून आली आणि ते बघून वैतागली. रविवारची ती शेरेबाजी तिने वर्षानुवर्षं भिंतीपलीकडून ऐकली होती. ती म्हणाली, "आत्या, बाबांना तू कधी एक चांगला शब्द बोलली नाहीस. दर रविवारी त्यांची चेष्टा केलीस. आता कशाला भांडतेस त्यांच्यासाठी?"

बाईंनी एका डब्याचं झाकण नीट बसवलं. मग म्हणाल्या, "मी बोलले, कारण मी बघितलं होतं. प्रत्येक स्लाइड बघून मग बोलले. ह्यांनी काय बघितलं?"

भाचीने चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी भाचीच्या कपाटातून एक जाड वही काढली, खिडकीशी बसल्या आणि पहिला डबा उघडला. स्लाइड उजेडाकडे धरायची, भिंगातून बघायची आणि लिहायचं. धाकट्याने प्रत्येक चौकटीवर आकडा टाकला होता, तेवढी अक्कल त्याने दाखवली होती. वहीत असं होतं:

"४०. छत्री गवती हिरवी, मूठ करडी. भिंत मातकट. रस्ता ओला, म्हणून निळसर राखाडी. ४१. रेनकोट लिंबासारखा. बस विटकरी, पण बरेच दिवस धुतलेली नाही. ४२. टॉवेल हिरवा, शेवाळी. न्हावी आळशी. ४३. हात हललाय. टाकून द्यायला हवी होती. ४४. चांगली."

रोज त्या बारा-पंधरा स्लाइड्स लिहायच्या. हातगाड्या, जिने, दोरीवर वाळणारे कपडे, नाव पुसलं गेलेल्या दुकानांच्या पाट्या, सगळ्यांना त्यांचा त्यांचा रंग परत मिळत गेला, निदान शाईत तरी. एखादा आठवला नाही तर त्या डोळे मिटून बसायच्या, आणि धाकट्याला शिव्या घालायच्या की बाबा, जरा सरळ उभा राहून काढायचास ना. भाचीने एकदा गुपचूप वह्या चाळल्या. तिसऱ्या वहीच्या अखेरीपर्यंत "चांगली" हा शब्द नऊ वेळा आला होता. दोन ठिकाणी तो आधी लिहून खोडला होता आणि पुन्हा लिहिला होता.

आठशे एकाहत्तराव्या स्लाइडला गाडी अडली. छत्र्या दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, बंद, आणि सगळी चौकट त्याच्या लाकडी दाराने भरलेली. बाईंनी "दार हिरवं" असं लिहिलं आणि त्यांचा हात थांबला. हिरवंच होतं का? दोन दिवस त्यांनी त्या स्लाइडचा पिच्छा पुरवला. तिसऱ्या दिवशी काठी घेतली, वही पिशवीत टाकली आणि त्या रस्त्याला गेल्या.

छत्रीवाला अजून होता. आता कुलपं विकायचा. दार आता साईच्या रंगाचं होतं. बाईंनी विचारलं की हे पूर्वी हिरवं होतं ना. तो म्हणाला, निळं.

"हिरवं," बाई म्हणाल्या.

"बाई, दार माझं आहे. चाळीस वर्षं मी ते उघडतोय."

बाईंनी त्याला सांगितलं की उघडणारा माणूस दार बघत नाही, कडी बघतो. यावर तो चिडला. त्याने ड्रॉवरमधून पटाशी काढली, दाराच्या खालच्या कोपऱ्यात बसला आणि खरवडायला लागला. साय निघाली, खाली तपकिरी लागला. तपकिरी निघाला, पुन्हा साय. ती निघाली आणि नखाएवढा एक तुकडा उघडा पडला. बाई काठीवर रेलून वाकल्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

मोरचुदासारखा निळा होता. गडद, स्वच्छ, त्यात हिरव्याचा लवलेशही नव्हता.

"आता?" छत्रीवाला खाली बसूनच म्हणाला. "कोणाचं खरं?"

"केवढं भोक पाडलंस," बाई म्हणाल्या. "पटाशी अशी धरतात?"

पण त्यांनी तिथेच, कुलपांच्या काउंटरवर वही ठेवून, "हिरवं" खोडलं आणि लिहिलं: "दार मोरचुदी निळं. वरच्या अर्ध्यात उन्हाने फिकं." घरी आल्यावर त्यांना आठवलं की धाकट्याने याच दारासमोर आणखी चौदा फोटो काढले होते, आणि मागच्या दोन वह्यांत त्या चौदाही ठिकाणी आपण बेधडक हिरवं लिहिलंय. दार निळं तर त्याच्यापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या पांढऱ्या सदऱ्यावर निळ्याची झाक आली असणार. मग तो सदरा नुसता पांढरा लिहिणंही चूक. त्यांनी दिवा लावायला भाचीला सांगितलं, पहिली वही काढली आणि त्या छत्रीवाल्याला मनसोक्त नावं ठेवत पान उलटायला लागल्या.